पाहुण्यांसाठी परिसराची माहिती: काय लिहावं, काय गाळावं

उंबरठा (धागाकर्ता)

घरातली खोली किंवा अख्खा फ्लॅट पाहुण्यांना राहायला देणाऱ्या बहुतेकांकडे एक फाईल असते. पुढे घराचे नियम, मध्ये वायफायचा पासवर्ड आणि मागे 'आसपास काय पाहाल' म्हणून तीसेक ठिकाणांची यादी. ती यादी कुणी वाचत नाही, आणि त्यात पाहुण्यांची काही चूक नाही. तीच तीस ठिकाणं त्यांच्या फोनमध्ये फोटो आणि ताऱ्यांसकट आहेत. फोनमध्ये नसतं ते यजमानाला माहीत असतं: कोणत्या दुकानाचं शटर भर दुपारी खाली येतं, टॅक्सी दारापर्यंत येते की कोपऱ्यावर थांबते, कोणत्या बागेचं मागचं फाटक संध्याकाळी बंद होतं. फाईलमध्ये हे असायला हवं.

माझा आराखडा असा. एका गरजेला जास्तीत जास्त तीन ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणाबद्दल पाच गोष्टी: कशासाठी जायचं, दारापासून किती लांब, कधी बंद, खोट काय, आणि ही माहिती कधी तपासली. नमुना:

"कपडे धुऊन देणारं दुकान. फाटकाबाहेर पडल्यावर डावीकडे, दुसऱ्या वळणाला उजवीकडे. ३०० मीटर, ४ मिनिटं. आज सकाळी दिलेले कपडे उद्या संध्याकाळी मिळतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी देऊ नका. पावती हरवली तर कपडे मिळायला वेळ लागतो. पावतीचा फोटो काढून ठेवा. आठवड्यातला बंदचा वार शटरवर लिहिला आहे. तपासलं: मार्च, दुसरा आठवडा."

यात 'उत्कृष्ट सेवा' वगैरे काही नाही. खोट लिहिली की बाकीच्या ओळींवरही विश्वास बसतो. ज्या ठिकाणाची एकही खोट सुचत नाही, तिथे लिहिणारा बरेच दिवसांत गेलेलाच नाही असं समजायला हरकत नाही.

भर घाला, चुका काढा.

---

पायपीट

खोट लिहायची कल्पना आवडली. अंतराबद्दल मात्र यजमान सर्रास थापा मारतात, बहुधा नकळत. 'हाकेच्या अंतरावर' म्हणजे नेमकी कुणाची हाक?

हिशोब सोपा आहे. सपाट रस्त्यावर, मोकळ्या हाताने, माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. म्हणजे ४०० मीटरला ५ मिनिटं. चाकाची बॅग ओढत, फोनवर नकाशा बघत चालणारा ५० ते ६० मीटरच जातो. मोठा सिग्नल लागला तर एक-दोन मिनिटं आणखी. चढ असेल तर मिनिटं वाढवण्यापेक्षा 'चढ आहे' हे दोन शब्द जास्त उपयोगी. तुम्ही रोज ज्या रस्त्याने जाता तो तुमच्या पायांना लहान वाटतो, म्हणून मनात येईल तो आकडा लिहू नका. घड्याळ लावून चाला. स्टेशन किंवा बसथांब्यापासून घरापर्यंतचा वेळ बॅग घेऊन मोजा. मीटर आणि मिनिटं दोन्ही द्या. वयस्कर माणूस मीटर वाचून स्वतःचा हिशोब करतो.

दिशा सांगताना पूर्व-पश्चिम बाद. नवख्या माणसाला उत्तर कुठे आहे ते कळत नाही, रात्री तर नाहीच. डावं-उजवं सांगा, पण आधी माणसाला उभं करा: "फाटकाकडे पाठ करून उभं राहिल्यावर उजवीकडे." हे वाक्य नसेल तर निम्मे लोक पहिल्याच पावलाला उलटे जातात, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात तो घराबाहेर निघालेला असतो आणि वाचणारा घराकडे तोंड करून उभा असतो.

खुणा निवडताना टिकाऊपणा पाहा. पूल, पाण्याची टाकी, पायऱ्या, रस्त्याचा तीव्र वाक, रेल्वेचं फाटक, हे चालेल. दुकानाची पाटी, भिंतीचा रंग, 'जिथे पांढरी गाडी उभी असते ते घर', हे नको. दुकान बदलतं, भिंत रंगवली जाते आणि गाडीचा मालक नेमका गावाला जातो. झाडसुद्धा एकटं असेल तरच खूण. रांगेतलं पाचवं झाड कुणी मोजत नाही.

आणि परतीचा रस्ता वेगळा लिहा! जाताना समोर दिसणारी खूण येताना पाठीमागे असते. दिवसा उठून दिसणारी पाटी रात्री अंधारात असते. परतीच्या शेवटच्या २०० मीटरसाठी रात्री दिसणाऱ्या खुणा द्या: दिव्याचा खांब, चोवीस तास उघडं काही, रस्त्याचा चढ.

---

नकाशेवाला

वरच्याला अनुमोदन. आता पिनबद्दल.

नकाशात पत्ता टाकला की पिन बऱ्याचदा इमारतीच्या किंवा भूखंडाच्या मध्यभागी पडते. रस्ता दाखवणारं ॲप मग त्या बिंदूपासून सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेऊन सोडतं. मागची गल्ली मध्यबिंदूला जवळ असेल तर पाहुणा मागच्या भिंतीसमोर उभा राहतो आणि ॲप म्हणतं, तुम्ही पोहोचलात. यावर उपाय एकच. घराची पिन देऊ नका, फाटकाची द्या. फाटकासमोर रस्त्यावर उभं राहून, नकाशा उपग्रहचित्रावर ठेवून, बोट दाबून पिन टाका. 'माझं स्थान' पाठवू नका. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि चूक बरीच वाढते. कधी पिन रस्त्यापलीकडेही जाते.

अक्षांश-रेखांश देत असाल तर दशांशानंतर पाच आकडे पुरे. चौथा आकडा सुमारे ११ मीटरचा, पाचवा सुमारे १ मीटरचा. तीनच आकडे दिले तर चूक शंभर मीटरच्या घरात जाऊ शकते. दहा आकडे देणाऱ्याने फक्त कॉपी-पेस्ट केलेलं असतं.

प्लस कोड, म्हणजे अक्षांश-रेखांशावरून बनलेला छोटा संकेत, हाही चांगला पर्याय, विशेषतः जिथे घरांना धड क्रमांक नाहीत तिथे. पूर्ण कोडमध्ये १० अक्षरं-आकडे आणि मध्ये अधिकचं चिन्ह. त्यातून साधारण १४ मीटर बाजूचा चौकोन कळतो. शेजारी-शेजारी दोन फाटकं असतील तर तेवढ्याने भागत नाही; अकरावं अक्षर घेतलं की चौकोन तीनेक मीटरवर येतो. सुरुवातीची चार अक्षरं गाळलेला लहान कोड दिलात तर सोबत शहराचं नाव हवंच, नाहीतर तो जगात दुसरीकडेच शोधला जातो. मजला यातलं काहीच सांगत नाही.

इंटरनेट नसताना काय, हेही लिहा. गूगल मॅप्सचा फोनमध्ये उतरवून ठेवलेला नकाशा नेटशिवाय गाडीचा रस्ता सांगतो. पायी जायचा आणि बस-रेल्वेचा सांगत नाही. परदेशातून नवीन सिमशिवाय उतरलेला पाहुणा नेमका इथेच अडकतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी काही ॲप नेटशिवाय पायवाटही दाखवतात. त्या नकाशात तुमच्या इमारतीचं प्रवेशद्वार नसेल तर खातं उघडून स्वतः नोंदवता येतं; इमारतीच्या रेषेवर बिंदू टाकायचा आणि त्याला प्रवेशद्वार म्हणायचं. पाच मिनिटांचं काम आहे, शिवाय पार्सल आणणाऱ्यांचाही दुवा मिळतो.

---

सातबारा

एक भाबडी शंका. एवढं लिहिण्यापेक्षा एक क्यूआर कोड चिकटवला की झालं ना? स्कॅन करा, सगळं फोनवर. कागद कोण वाचतं?

---

चावीवाली

सातबारा, कागद तेव्हाच वाचला जातो जेव्हा फोन संपलेला असतो, आणि माहितीची खरी गरज तेव्हाच असते. दोन्ही ठेवा. कोड लावायचाच तर एवढं पाळा.

आकार: जितक्या अंतरावरून स्कॅन होणार त्याचा साधारण दहावा भाग. टेबलावरच्या कागदाला ३ सेंटीमीटर पुरे, दीड मीटरवरून बघायचा असेल तर १५ सेंटीमीटर. चारही बाजूंनी कोडातल्या चार चौकड्यांएवढी कोरी जागा सोडा. सजावटीची चौकट कोडाला चिकटवली की काही फोन तो वाचतच नाहीत. दुरुस्तीची पातळी, म्हणजे कोडाचा किती भाग खराब झाला तरी तो वाचता येईल, ती निवडता येते: ७, १५, २५ आणि ३० टक्के. घरात लावायला १५ चालते. ओलसर किंवा हाताळल्या जाणाऱ्या जागी २५. पातळी वाढवली की कोड दाट होतो, मग आकारही वाढवावा लागतो. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते, मॅट घ्या.

'फुकट' मिळणारे बदलता येण्याजोगे कोड टाळा. त्यात तुमचा दुवा नसतो, त्या कंपनीचा असतो. वर्गणीची मुदत संपली की भिंतीवरचा कोड मुका. आणि कोड घराच्या आतच लावा. बाहेर लावलेल्यावर कुणी दुसरं स्टिकर डकवलं तर पाहुण्याला कळणारही नाही.

वायफायचा कोड करताना पासवर्डात अर्धविराम, स्वल्पविराम किंवा कोलन असेल तर कोड बनवणाऱ्या साधनाने त्याआधी उलटी तिरकी रेघ घालायला हवी. काही साधनं घालत नाहीत. कोड छान दिसतो, स्कॅनही होतो आणि जोडणी मात्र होत नाही. पासवर्डात फक्त अक्षरं-आकडे ठेवले की कटकटच नाही.

आता मजल्याचं. 'पहिला मजला' म्हणजे काही देशांत जमिनीलगतचा, काही देशांत त्याच्या वरचा. लिफ्टच्या बटणांवर कुठे शून्य, कुठे अक्षर, कुठे एक. म्हणून "लिफ्टमध्ये ३ दाबा, जिन्याने आलात तर ५४ पायऱ्या" असं लिहा. तारखेचं तसंच. ३/४ म्हणजे काहींना ३ एप्रिल, काहींना ४ मार्च. महिना अक्षरात लिहा, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने.

फाटकाचा किंवा चावीपेटीचा आकडा आणि घराचा पूर्ण पत्ता एकाच कागदावर कधीही नको. पाहुणे त्या कागदाचा फोटो काढून गटात टाकतात, कागद खिशातून पडतो. आकडा येण्याच्या दिवशी वेगळ्या निरोपाने पाठवा आणि प्रत्येक पाहुण्यानंतर बदला.

दार मागे आपोआप लागत असेल तर ते आतल्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लिहा. फाईलच्या पान ७ वर लिहून उपयोग नाही. दोन्हीकडून चावी लागणाऱ्या काही कुलपांत आतून चावी अडकवून ठेवली तर बाहेरून दुसरी चावी आत जात नाही. दोघं पाहुणे, एक झोपलेला, एक बाहेर... पुढचं सांगायला नको.

---

उंबरठा

तारखेचा मुद्दा माझ्या नमुन्यातच कच्चा होता. 'मार्च, दुसरा आठवडा' लिहून वर्ष राहिलं. वर्ष नसलेली तपासणी दोन वर्षांनीही ताजी दिसते. दुरुस्त करतो.

---

आडगल्ली

मला वेगळं काही म्हणायचं आहे. सगळंच सांगू नका. गल्लीच्या टोकाला सहा खुर्च्यांची एक निवांत जागा आहे, तिथे तुमचे सगळे पाहुणे पाठवलेत तर सहा महिन्यांत ती ना निवांत राहील ना शेजाऱ्यांची. शिफारस करण्याआधी मालकाला विचारा. किती माणसं एकदम चालतील, कोणत्या वेळी नको, हे कळलं की तेच लिहा: "चारपेक्षा जास्त असाल तर इथे जाऊ नका."

लागेबांधे असतील तर उघड सांगा. ओळखीच्या टॅक्सीवाल्याकडून तुम्हाला काही मिळत असेल तर "याच्याकडून मला मोबदला मिळतो" हे एक वाक्य पुरे. लपवलं आणि कळलं, तर अख्ख्या फाईलची किंमत गेली.

सुरक्षिततेबद्दल लिहिताना वस्तीला शिव्या नकोत. 'त्या भागात जाऊ नका, लोक चांगले नाहीत' यातून पाहुण्याला काहीच कळत नाही आणि तिथे राहणाऱ्यांचा अपमान होतो. काय आहे ते लिहा: "पुलाखालच्या रस्त्यावर ३०० मीटर दिवे नाहीत आणि फुटपाथ नाही. अंधार पडल्यावर मुख्य रस्त्याने या, ६ मिनिटं जास्त लागतात." एवढ्यावर माणूस आपला निर्णय आपण घेतो.

शेजाऱ्यांसाठीही दोन ओळी. फरसबंदीवर चाकाची बॅग पहाटे खडखडत नेली की अख्खी गल्ली जागी होते. ५० मीटर उचलून न्या म्हणून सांगायला लाजू नका. कचरा कुठल्या डब्यात आणि किती वाजता बाहेर ठेवायचा ते डब्यांवरच लिहा, फोटोसकट.

---

रात्रपाळी

सगळे दिवसाढवळ्या येणाऱ्या पाहुण्याचा विचार करताहेत. खरी परीक्षा रात्री साडेअकराला उतरणाऱ्याची.

त्याच्यासाठी वेगळं पान करा, आणि निघण्याच्या दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या बसची वेळ देऊ नका, तिच्या आधीचीची द्या. सामान यायला वीस मिनिटं उशीर झाला की शेवटची गेलेलीच असते. शेवटची गेल्यावर काय, हेही पुढच्याच ओळीत. टॅक्सी कुठे थांबू शकते ते नकाशावर दाखवा. एकेरी रस्ता असेल तर ड्रायव्हर पिनपर्यंत यायला मोठा वळसा घालतो किंवा पलीकडेच उतरवतो. पत्ता स्थानिक लिपीत मोठ्या अक्षरांत एका चित्रात द्या, म्हणजे पाहुण्याला उच्चार करावा लागत नाही, ड्रायव्हरला नुसता फोन दाखवला की झालं. त्या वेळी उघडं असलेलं किमान एक ठिकाण लिहा, पाणी आणि काहीतरी पोटात ढकलण्याएवढं. तसं नसेल तर सरळ लिहा, "रात्री १० नंतर पायी अंतरावर काहीही उघडं नसतं, येताना घेऊन या." नळाचं पाणी प्यायचं की नाही, हे नळाजवळ. हो किंवा नाही. 'शक्यतो' नको.

आजारपणाचं पान दाराच्या आतल्या बाजूला लावा. मोबाईलवरून ११२ बऱ्याच देशांत तातडीच्या सेवेला जोडतो, पण सगळीकडे नाही. स्थानिक क्रमांक छापून ठेवा. त्याखाली पत्ता असा लिहा की घाबरलेला माणूस फोनवर तो वाचून दाखवू शकेल: मजला, फाटक, जवळची खूण, अंगणात गाडी शिरते की नाही. रुग्णालयाचं नाव देऊन थांबू नका. मोठ्या रुग्णालयाचं तातडीचं दार बऱ्याचदा मुख्य दारापासून वेगळ्या रस्त्यावर असतं आणि नकाशातली पिन मुख्य दारावर असते. तातडीच्या दाराची पिन वेगळी द्या. औषधाच्या दुकानाशेजारी एक सूचना: पाहुण्याने औषधाचं बाजारातलं नाव न सांगता पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ घटकाचं नाव दाखवावं. बाजारातली नावं देशागणिक बदलतात.

---

जिनाउतार

'व्हीलचेअर जाते' हे वाक्य कृपया कुणीही लिहू नये. मोजमाप लिहा. दार पूर्ण उघडल्यावरची मोकळी रुंदी सेंटीमीटरमध्ये. चौकट मोजू नका; उघडलेल्या दाराची जाडीही वाटेत येते. लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली. पायऱ्यांची संख्या, कठडा कोणत्या बाजूला. फुटपाथला उतार आहे का, की नुसताच कट्टा. ८० सेंटीमीटरचं मोकळं दार बहुतेक खुर्च्यांना पुरतं, पण इलेक्ट्रिक खुर्च्या वेगवेगळ्या मापांच्या असतात, म्हणून ठरवायचं काम ज्याची खुर्ची आहे त्याच्याकडेच द्या.

शिफारस केलेल्या ठिकाणांनाही हेच. 'दारात एक पायरी, १५ सेंटीमीटर, आत सपाट' ही ओळ बाबागाडीवाल्यांनाही लागते. आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते लिहाच. चालत फिरणाऱ्या वयस्कर माणसाचा अख्खा दिवस त्यावर ठरतो.

कागदाबद्दल: अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, काळी शाई पांढऱ्या कागदावर. नकाशात तांबड्या-हिरव्या रेषांनी दोन रस्ते दाखवू नका, तो फरक न दिसणारे लोक बरेच असतात. एक सलग रेघ, एक तुटक.

---

सातबारा

क्यूआरचं कळलं, माघार. पण एवढं सगळं लिहिलं तर फाईलचं पोथीत रूपांतर होईल की.

---

पायपीट

होईल, म्हणून फाटे फोडा. पोहोचण्याचं पान आधी पाठवायचं, आजारपणाचं दारावर, कचऱ्याचं डब्यावर, पाण्याचं नळावर. फाईलमध्ये उरतात फक्त ठिकाणं, ती ए-४ कागदाच्या पाठपोट बसली पाहिजेत. बसत नसतील तर ठिकाणं काढा, अक्षर बारीक करू नका.

मग चाचणी. परिसर अजिबात न ओळखणारा एक माणूस पकडा, कागद त्याच्या हातात द्या आणि दहा पावलं मागून चाला. बोलायचं नाही, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. तो जिथे थबकतो, मागे वळून बघतो किंवा फोन काढतो, तिथे खूण करा. प्रत्येक खुणेला एक वाक्य कमी आहे किंवा एक वाक्य चुकीचं आहे. हीच चाचणी रात्री पुन्हा, बॅगसकट.

---

चावीवाली

आणि पाहुणे जे पुन्हा पुन्हा फोन करून विचारतात ते लिहून ठेवा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर उत्तर फाईलमध्ये नाही किंवा चुकीच्या जागी आहे. बहुधा दुसरं.

---

उंबरठा

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून तपासणीचा क्रम असा लावतोय, जे लवकर शिळं होतं ते आधी. बस-रेल्वेच्या वेळा आणि थांब्यांची जागा दर महिन्याला. दुकानांच्या वेळा आणि बंदचे वार दर तीन महिन्यांनी, प्रत्यक्ष जाऊन. नकाशावरच्या वेळांवर भिस्त नको. फोन क्रमांक सहा महिन्यांनी, देशाच्या संकेतांकासह, लावून बघून. रस्त्यांच्या खुणा पावसाळ्यानंतर एकदा चालून. पायऱ्यांची संख्या बदलत नाही. दर मात्र फाईलमध्ये लिहायचेच नाहीत. 'स्वस्त', 'मध्यम', 'महाग' एवढंच.

---

आडगल्ली

'स्वस्त' कुणाच्या मानाने? तेही काढा. त्याऐवजी "रोख लागते, कार्ड चालत नाही" लिहा, ते जास्त कामाचं.

---

उंबरठा

मान्य. काढलं.